आकाशमार्गावरील झडती

फौजदारी कायद्याचा एक जुना व आदरणीय सिद्धांत असा की, अपराध सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मनुष्य निर्दोष मानावा. याच सिद्धांताच्या पोटी दुसरा नियम जन्मास आला. तो असा की, सबळ कारणावाचून कोणाच्याही अंगास किंवा सामानास राजसत्तेने हात लावू नये. तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यास वॉरंटावाचून एखाद्या घराची झडती घ्यावयाची झाली, तर तीमागील कारणे त्यास लेखी नमूद करावी लागतात. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच व मर्यादा राखून घ्यावी, असेही कायदा बजावतो. आता याच देशात रोज लक्षावधी नागरिक विमानतळावर एका चौकटीतून जातात, दोन्ही हात पसरून उभे राहतात, कमरेचा पट्टा काढून देतात आणि ज्याच्यावर कसलाही आरोप नाही असा प्रत्येक जण आपली झडती निमूटपणे होऊ देतो. कारण लिहून ठेवण्याची गरज कोणास भासत नाही. आणि विशेष हे की, झडती झाली नाही तर उतारूच अस्वस्थ होतो. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यातील न्याय्य भाग कोणता आणि सावधपणे पाहावा असा भाग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विमानप्रवासाच्या आरंभीच्या काळात उतारू हा विमानकंपनीचा पाहुणा होता. तिकीट महाग, त्यामुळे उतारू थोडे. सामानाचे वजन होई, क्वचित लहान विमानांत उतारूचेही होई. पण ते केवळ विमानाच्या भाराचा हिशेब जुळावा म्हणून. निरोप देण्यास आलेली मंडळी विमानाच्या अगदी नजीकपर्यंत जात. भीती नव्हती असे नाही. वादळाची होती, धुक्याची होती, इंजिनातील बिघाडाची होती. शेजारच्या आसनावर बसलेल्या माणसाची मात्र नव्हती.

या विश्वासाला आपल्या देशापुरता पहिला मोठा धक्का ११ एप्रिल १९५५ रोजी बसला. बांडुंग येथे भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी परिषदेस जाणाऱ्या चिनी प्रतिनिधींना व पत्रकारांना घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जकार्त्यास निघाले होते. समुद्रावर असताना त्यात स्फोट झाला. कप्तान दामोदर काशिनाथ जटार यांनी पेटलेले विमान शर्थीने समुद्रावर उतरविले. विमानातील एकोणीस जणांपैकी सोळा मृत्यू पावले, त्यांत स्वतः जटारही होते. वाचलेल्या तिघांपैकी अभियंता कर्णिक यांनी पुढे या प्रसंगावर पुस्तक लिहिले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. चौकशीत असे दिसून आले की, कालबद्ध स्फोटक हाँगकाँगच्या विमानतळावर, उजव्या चाकाच्या खाचेत ठेवण्यात आले होते, आणि संशय विमानतळावरच काम करणाऱ्या एका कामगारावर होता. या घातपातातून लोकांनी घेतलेला बोध मर्यादित होता. विमानाभोवती पहारा असावा, जमिनीवरील माणसांवर लक्ष असावे, इतकेच त्यांना वाटले. उतारूची झडती घ्यावी हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही.

दुसरी घटना गोमंतकीय वाचकांस विशेष लक्षणीय वाटेल. १० नोव्हेंबर १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या जेमतेम चाळीस दिवस आधी, हर्मिनियो द पाल्मा इनासियो या सालाझारविरोधी पोर्तुगीज क्रांतिकारकाने आपल्या साथीदारांसह कासाब्लांकाहून लिस्बनला जाणारे पोर्तुगीज विमान ताब्यात घेतले, लिस्बनवर ते खालून फिरविण्यास लावले आणि सालाझारच्या हुकूमशाहीचा धिक्कार करणारी हजारो पत्रके आकाशातून उधळली. विमान मोरोक्कोस परतले. कोणासही इजा झाली नाही. ज्या सत्तेच्या तुरुंगांत गोव्याचे सत्याग्रही खितपत पडले होते, त्याच सत्तेविरुद्धचे हे कृत्य. तेव्हा त्याबद्दल आपल्याकडील पुष्कळांना सहानुभूती वाटली असल्यास नवल नाही. परंतु वकिलाच्या नजरेने पाहता त्यात एक अनिष्ट बीज होते. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, असे उतारू तेथे साधन म्हणून वापरले गेले. आज साधन पत्रकाचे, उद्या ते पिस्तुलाचे होणार होते. हेतू उदात्त असला की परक्याच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार मिळतो, हे एकदा मान्य केले की कोणाचा हेतू उदात्त, हे ठरविण्यास न्यायाधीश उरत नाही.

१९६३ साली टोकियो येथे झालेल्या करारात विमानाच्या कप्तानाला आकाशात शिस्त राखण्याचे अधिकार मिळाले. तथापि करारातील तरतुदी सौम्य होत्या. अपहरण करणाऱ्यास शासन करण्याचे बंधन त्यात कोणावर नव्हते. पुढे जुलै १९६८ मध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी रोमहून तेल अवीवला निघालेले इस्राएलचे विमान पळवून अल्जीरियास नेले, आणि सप्टेंबर १९७० मध्ये अनेक विमाने एकाच वेळी पळविण्यात आली. त्यांपैकी तीन जॉर्डनच्या वाळवंटातील डॉसन्स फील्ड या धावपट्टीवर, उतारूंना खाली उतरविल्यावर, वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर स्फोटाने उडविण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरात हेग येथे व पुढील वर्षी माँट्रियल येथे नवे करार झाले. अपहरण करणारा ज्या राष्ट्राच्या हाती लागेल, त्याने एकतर त्याला संबंधित राष्ट्राच्या स्वाधीन करावे किंवा स्वतः त्याच्यावर खटला भरावा, हे तत्त्व हेगच्या कराराने प्रस्थापित केले. समुद्रावरील चाच्यांसंबंधी जी दृष्टी सुसंस्कृत राष्ट्रांनी शतकांपूर्वी स्वीकारली, ती आकाशाला लागू होण्यास अशा रीतीने १९७० साल उजाडावे लागले.

भारताला याची झळ लगेच लागली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्या हातातील पिस्तूल व हातबाँब खोटे होते, असे मागाहून उघड झाले. उतारूंना रस्त्याने भारतात पाठविण्यात आले, विमान मात्र जाळण्यात आले. आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपला आकाशमार्ग बंद केला. पूर्व व पश्चिम पाकिस्तानांमधील दळणवळण त्यामुळे किती बिकट झाले, हे त्या वर्षाचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. एका खेळण्यातील शस्त्राने दोन देशांचे व्यवहार बदलले. शस्त्र खरे की खोटे हे पारखण्याची कसलीही व्यवस्था विमानात चढण्यापूर्वी नव्हती, हा त्यातील मुद्दा.

ती व्यवस्था सर्व उतारूंना सरसकट लागू करण्याचे मोठे पाऊल अमेरिकेने उचलले. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तेथील शंभराहून अधिक विमानांवर अपहरणाचे प्रसंग आले होते. विमानकंपन्यांचा प्रथम झडतीस विरोध होता. गिऱ्हाइकाचा अपमान झाला तर तो आगगाडीने जाईल, हे त्यांचे भय. अखेर ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. त्याच वर्षी तेथील एका अपील न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात या झडतीचा कायदेशीर पाया स्पष्ट केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, ही झडती अपराध्याचा शोध घेण्यासाठी नसून शस्त्र विमानात जाऊ नये एवढ्याचसाठी आहे; ती तेवढ्यापुरतीच असावी; आणि जो झडती देऊ इच्छित नाही त्याला विमानात न चढता परत जाण्याची मोकळीक असावी. हा निर्णय आजही चिंतनीय आहे. त्याने राजसत्तेला अधिकार दिला आणि त्याच वाक्यात त्या अधिकाराला कुंपणही घातले. मात्र ‘परत जाण्याची मोकळीक’ ही परदेशी असलेल्या आजारी बापाकडे निघालेल्या मुलाच्या दृष्टीने कितपत खरी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आपल्याकडे सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून निघालेले एक विमान लाहोरला पळविण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा एक कक्ष अस्तित्वात आला. तरीही लोकांची मनोवृत्ती अद्याप किती निश्चिंत होती, याचे उदाहरण त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिळाले. श्रीमती इंदिरा गांधी यांच्या सुटकेची मागणी करीत दोन तरुणांनी खेळण्यातील पिस्तुलाच्या धाकाने लखनौहून दिल्लीस जाणारे विमान वाराणसीस नेले. आणि १९८० साली हेच दोघे उत्तर प्रदेशाच्या विधानसभेत निवडून आले! मतदारांना तो एक धाडसी तमाशा वाटला असावा. अपहरणविरोधी कायदा संसदेने १९८२ साली केला व १९९४ साली जामिनाच्या अटी कडक करून त्याला धार दिली.

तमाशाचे दिवस २३ जून १९८५ रोजी संपले. माँट्रियलहून लंडन, दिल्ली या मार्गे मुंबईस यावयाचे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने छिन्नविच्छिन्न झाले. ३२९ माणसे मेली. बहुसंख्य उतारू कॅनडाचे नागरिक, भारतीय वंशाचे. शाळांच्या सुट्टीत आजोळी निघालेली मुले त्यांत पुष्कळ होती. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात जावयाच्या सामानात स्फोट होऊन दोन हमाल ठार झाले. या घातपाताची रीत अगदी साधी होती. एका इसमाने व्हँकूव्हर येथे आपली बॅग पुढच्या विमानासाठी स्वाधीन केली आणि तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरांटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते. बॅग गेली, मालक मागे राहिला. मारणारा स्वतः मरण्यास तयार नसतो, या समजुतीवर पुढील नियम बसविण्यात आला. तो म्हणजे, ज्याचा मालक विमानात नाही असे सामान विमानात राहू देऊ नये. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर अमेरिकन विमान असेच कोसळले व २७० माणसे प्राणास मुकली. तेव्हाही स्फोटक मालकावाचून प्रवास करणाऱ्या बॅगेत होते. चढण्यापूर्वी विमानाशेजारी मांडलेल्या बॅगांच्या रांगेतून आपली बॅग हाताने दाखविण्याचा आपल्याकडील जो प्रघात पुष्कळ वर्षे चालला, तो ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. उन्हात उभे राहून कुरकुरणाऱ्या उतारूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असे की, आपण त्या ३२९ जणांचे ऋण फेडीत आहोत.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान कराचीस थांबले असता चार सशस्त्र इसम त्यात शिरले. त्यांच्या अंगावर विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांसारखा गणवेश होता, आणि वाहनही तसेच होते. ज्याच्याकडे पाहून निर्धास्त व्हावे तो गणवेशच येथे फसवणुकीचे हत्यार झाला. अवघी बावीस वर्षांची नीरजा भनोत हिने वैमानिकांना वेळीच सावध केले. ते निसटले व विमान जागचे हलू शकले नाही. अमेरिकन उतारू ओळखले जाऊ नयेत म्हणून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी त्यांची पारपत्रे लपविली. अखेरच्या गोळीबारात उतारूंना दारातून बाहेर काढताना तिने प्राण दिले. जटारांनंतर विमानात कर्तव्य बजावताना अशोकचक्राचा मान मिळविणाऱ्यांत तिचे नाव अमर झाले आहे.

तोवरची शिकवण अशी होती की, अपहरण झाले तर उतारूने मान खाली घालून स्वस्थ बसावे. वाटाघाटी होतील व सुटका होईल. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस येणारे विमान अमृतसर, लाहोर, दुबई असे फिरत कंदाहारला नेण्यात आले, तेव्हाही उतारू असेच बसून राहिले. एका नवविवाहित तरुणाचा वध झाला. आणि ३१ डिसेंबरला तीन अतिरेक्यांना मुक्त करून बाकीच्यांचे प्राण सोडविण्यात आले. दिल्लीत आप्तांचा आक्रोश चालू असता सरकारने केलेली ती तडजोड योग्य होती की नव्हती, हा वाद आजही संपलेला नाही. व्यवहारात एक बदल मात्र झाला. २००० सालापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे क्रमाने सोपविण्यात आला.

मान खाली घालून बसण्याची ती शिकवण ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी निरुपयोगी ठरली. एकोणीस अतिरेक्यांनी अमेरिकेत चार विमाने ताब्यात घेतली. त्यांना सुटका नको होती, पैसा नको होता. त्यांना विमान हेच अस्त्र म्हणून हवे होते. सुमारे तीन हजार माणसे मेली. मारणारा स्वतः मरण्यास तयार नसतो, हा कनिष्कनंतरच्या नियमाचा आधारच त्या दिवशी ढासळला. चौथ्या विमानातील उतारूंना दूरध्वनीवरून पहिल्या विमानांचे वर्तमान कळले, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही हे त्यांनी ओळखले आणि ते वैमानिक कक्षावर चालून गेले. विमान पेनसिल्व्हेनियातील एका माळरानात कोसळले. उतारू व कर्मचारी मिळून चाळीस जण गेले, पण राजधानी वाचली. त्या दिवसापासून विमानातील उतारू पूर्वीचा राहिला नाही. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानात बुटातील स्फोटक पेटवू पाहणाऱ्यास, आणि २००९ च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात अंतर्वस्त्रातील स्फोटक पेटविणाऱ्यास, आसपासच्या उतारूंनी व कर्मचाऱ्यांनीच झडप घालून धरले.

प्रत्येक घटनेमागून एक नियम आला. बूट काढणे आले. २००६ साली लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. वैमानिक कक्षाचे दार पोलादी झाले. यांतील शेवटच्या उपायाने एक भयंकर धडा दिला. मार्च २०१५ मध्ये एका जर्मन विमानातील सहवैमानिकाने कप्तान बाहेर गेल्याची संधी साधून तेच दार आतून बंद केले व विमान आल्प्स पर्वतावर आदळून १५० जणांचा घात केला. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेले दार मित्रालाही बाहेर ठेवू शकते. कोणताही उपाय निरपवाद नसतो, हे कायदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

नियमांपेक्षा खोल असा बदल उतारूंच्या परस्परांकडे पाहण्याच्या दृष्टीत झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे सहा मुसलमान धर्मगुरूंना विमानातून उतरविण्यात आले. चढण्यापूर्वी त्यांनी केलेली प्रार्थना व त्यांची बैठक एका उतारूला संशयास्पद वाटली होती. पागोटे व दाढी यांमुळे परदेशात शिखांच्या वाट्यास काय आले, हे सर्वश्रुत आहे. दहशत माजविणाऱ्याचा खरा विजय येथे असतो. तो मोजक्या विमानांवर हल्ला करतो. आपण मात्र प्रत्येक विमानात शेजाऱ्याचे नाव, वेष व प्रार्थना न्याहाळू लागतो. ज्या समाजात देवळाची पालखी व शेजारच्या वाड्यावरचे चर्चचे फेस्त एकाच रस्त्याने शतकानुशतके जात आले, त्या समाजाने तरी हे विष ओळखावे.

धर्माचरण व सुरक्षा यांचा मेळ घालता येतो, याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. शीख उतारूला देशांतर्गत विमानात ठराविक लांबीचे कृपाण बाळगण्याची मुभा आहे. नारळ हाती घेऊन विमानात चढण्यास एरवी मनाई. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ तपासणीनंतर जवळ ठेवण्याची परवानगी त्या हंगामापुरती देण्यात आली. नियम राखून श्रद्धेला वाट देणे शक्य आहे, आणि परवानगीला मुदत घालणेही शक्य आहे, हे दोन्ही यातून दिसते.

समतेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ज्यांची झडती घेऊ नये अशा उच्चपदस्थांची यादी आपल्याकडे आहे. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची, ते त्या यादीत असताना, दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अंगझडती घेतली. बातमी फुटल्यावर संसदेत संताप उसळला व कंपनीने क्षमा मागितली. स्वतः कलामांनी तक्रार केली नव्हती. त्यांच्या मौनात मला मोठी शिकवण दिसते. जी झडती अपमानास्पद असेल ती कोणाचीच होऊ नये. जी अपमानास्पद नसेल तिच्यातून सूट मागण्याचे कारण काय?

आता आरंभीच्या सिद्धांताकडे वळतो. २०१६ च्या नव्या अपहरणविरोधी कायद्याने शिक्षा देहदंडापर्यंत नेली व धमकीलाही गुन्ह्याच्या व्याख्येत घेतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या प्रसाधनगृहात एक धमकीची चिठ्ठी सापडली. त्याबद्दल २०१९ साली अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने एका उतारूस जन्मठेप दिली. २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले, कारण त्याच्यावरील आरोप पुराव्याने सिद्ध झाला नव्हता. चौकटीतून जाताना आपण सर्वांनी क्षणभर संशयित होण्यास संमती दिली आहे. परंतु ती संमती न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे या निकालाने दाखविले. विमानतळावर संशय पुरेसा असेल, न्यायासनासमोर तो पुरेसा नाही.

आज हीच चौकट आपल्या मोठ्या देवस्थानांच्या महाद्वारातही उभी आहे. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर झालेला हल्ला ज्यांना आठवतो, ते तिला अनाठायी म्हणणार नाहीत. तेव्हा हा प्रश्न केवळ विमानाने जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. नागरिकाने झडती शांतपणे द्यावी, आणि तिच्यामागचे कारण अद्याप जिवंत आहे की नाही, हेही शांतपणे विचारीत राहावे. बूट काढण्याचा अमेरिकेतील सरसकट नियम जुलै २०२५ मध्ये उठविण्यात आला. २००६ पासून तो सक्तीने चालू होता. भीतीने केलेला कायदाही परत घेता येतो, मात्र त्यासाठी कोणीतरी विचारणारा हवा.